पाकिटावरचा मच्छीमार

बेल्जियमच्या किनाऱ्यावरच्या ऑस्टेंडमध्ये, सुपरमार्केटातल्या करंदीच्या प्रत्येक पाकिटावर बावो हसत होता. पिवळं मेणकापडाचं जाकीट, वाऱ्याने विस्कटलेले केस (वारा हेअर ड्रायरचा होता), आणि खाली लिहिलेलं: 'मी पकडली, तुमच्यासाठी. बावो, चौथ्या पिढीतला मच्छीमार.'

बावोला होडीच्या चित्राकडे बघूनही मळमळायचं. गोडलिव्ह बाईंच्या मासळीच्या कारखान्यात तो लेबलं छापायचा. करंदी कुठे पकडली, कोणत्या जाळ्याने, किती तारखेपर्यंत खावी, सगळं चोख. ती ट्रकने मोरोक्कोला जाते, तिथे सोलली जाते आणि परत येते, हेही तो छापायचा. फक्त कायदा चालवून घेईल तेवढ्या बारीक अक्षरांत. बारीक अक्षरांत त्याचा हात धरणारा कारखान्यात कुणी नव्हता.

मार्चमध्ये एक पाहणी झाली. गिऱ्हाइकाला नुसती मासळी नको असते, मासळीमागचा माणूस हवा असतो, असं तीत निघालं. माणूस घरातच होता. बावोचे बाबा, मेडार्ड, एक्केचाळीस वर्षं करंदीची बोट चालवत होते. ते लग्नातला सूट घालून, दाढी दोनदा करून फोटोला आले. तो फोटो ब्रुसेल्समधल्या चाळीस गिऱ्हाइकांना दाखवला. अडतीस जण म्हणाले, हा माणूस आमच्यावर चिडलाय. उरलेल्या दोघांनी माफी मागितली.

बाईंची नजर ऑफिसभर फिरली आणि बावोवर थांबली.

"नाक तेच आहे," त्या म्हणाल्या. "फक्त घाबरलेलं."

घाबरलेलं नाक गिऱ्हाइकांना फार आवडलं.

जाकीट तेवढं खरं हवं होतं. बावो घरी जाऊन म्हणाला, "बाबा, तुमचं जाकीट द्या. फोटोला लागतंय." कोणाच्या फोटोला, ते त्याने सांगितलं नाही. सगळ्यात बारीक अक्षर म्हणजे न छापलेलं अक्षर. मेडार्डनी जाकीट झटकून, घडी घालून दिलं. त्याच्या कोपराला हिरवं ठिगळ होतं. बावोच्या आईने लावलेलं, जायच्या आदल्या वर्षी.

"माझं पाकीट कधी निघणार रे?" मेडार्ड दर रविवारी विचारायचे.

"छपाईत आहे, बाबा."

मेडार्ड सुपरमार्केटात पाऊल टाकत नसत. करंदी विकत घेणं म्हणजे त्यांच्या लेखी पाऊस विकत घेणं. पाकिटाची बातमी मात्र त्यांनी बंदरावरच्या कॅफेत सगळ्यांना दिली होती. कॅफेतल्या सगळ्यांनी पाकीट पाहिलं होतं. कुणी काही बोलत नसे. फक्त बावो आत आला की सगळे एकदम आपापल्या बिअरच्या फेसात बघत.

ऑगस्टमध्ये करंदीची जत्रा आली.

गोडलिव्ह बाईंकडे 'धोके' नावाची फाइल होती. एक, वादळ. दोन, डिझेल. तीन, ट्रक सीमेवर अडकणं. चार, बावो.

"सोलण्याच्या शर्यतीत तू बसायचंस," त्या म्हणाल्या. "दहा मिनिटं, हसत."

"बाई, मला सोलता येत नाही."

"मच्छीमाराचा पोरगा ना तू?"

"करंदी माझ्याकडे बघते."

"मग शेपटीकडून सुरुवात कर."

आमंत्रणं कारखान्यातूनच गेली. यादीत मच्छीमार म्हणून अजून मेडार्डचाच पत्ता होता, म्हणून एक त्यांच्या घरी पडलं. त्यावर लिहिलं होतं, 'आमच्या पाकिटावरच्या मच्छीमारास, मानाची खुर्ची.' मेडार्डनी ते चारदा वाचलं आणि सूट इस्त्रीला दिला.

बावोने शनिवारी प्रयत्न केला. "बाबा, उद्या नका येऊ."

"का?"

"ऊन आहे."

ऑस्टेंडमध्ये हे कारण आजवर कुणी दिलं नव्हतं. मेडार्डनी त्याच्या कपाळाला हात लावून ताप पाहिला.

रविवारी दुपारी मेडार्ड पहिल्या रांगेत बसले, सूट, टाय, गुडघ्यांवर हात. बँड वाजला, दोरी ओढली, आणि चार मीटर उंच बावो उलगडला. कोपरावरचं ठिगळ आंघोळीच्या टॉवेलएवढं झालं होतं. मेडार्डनी आधी ठिगळ पाहिलं, मग चेहरा.

खऱ्या बावोला मंचावर खुर्ची दिली होती. त्याच जाकिटात, समोर करंदीचं घमेलं घेऊन, तो हसत होता. हसू थांबवायचं कसं तेच त्याला आठवेना. शेजारची आजीबाई मिनिटाला चाळीस सोलत होती. बावोची अजून पहिलीच चालू होती, आणि ती त्याच्याकडे बघत होती.

मेडार्ड उठले. पायऱ्या चढून वर आले.

"जाकीट काढ."

"बाबा, इथे?"

"पाच महिने मी कचऱ्याची पिशवी घालून बोटीवर जातोय. दोन भोकं पाडून. म्हटलं, फोटोचं काम आहे, घाई कशाला करा."

बावोने जाकीट काढलं. आत कारखान्याचा शर्ट होता. छातीवर लिहिलेलं, 'लेबल विभाग'. ही अक्षरं चांगली मोठी होती.

मेडार्डनी सुटावर जाकीट चढवलं, बावोला खुर्चीवरून उठवलं आणि स्वतः बसले. करंदी त्यांच्या बोटांत आली की नुसतं टरफल खाली पडे. खाली पाकीट हातात धरलेली एक बाई ओरडली, "अहो, हे कोण?"

निवेदकाने माइक बावोपुढे धरला. मागे गोडलिव्ह बाई फाइल छातीशी धरून डोळ्यांनीच नाही-नाही म्हणत होत्या.

"हे मच्छीमार," बावो म्हणाला.

"मग तू कोण?"

"मी... खालची बारीक अक्षरं."

कुणी हसलं नाही. फक्त कॅफेची सगळी टोळी एकदम आपापल्या ग्लासात बघू लागली. मेडार्डनी मान वर करून गर्दीकडे पाहिलं, नेहमीच्या चेहऱ्याने. पहिल्या रांगेतल्या दोन अनोळखी माणसांनी लगेच माफी मागितली.

खुर्चीवर नाव बावोचं होतं, म्हणून निकालात बावो तिसरा आला.

"चुकलो, बाबा."

"मोठ्याने," मेडार्ड म्हणाले आणि पुढची करंदी उचलली.