पाहुण्यांची खोली

सासूबाईंच्या उशाशी ठेवलेल्या पेल्यातल्या पाण्यावर बर्फ धरला होता. सलग थर नव्हता. कडेपासून मध्याकडे वाढत गेलेल्या बारीक सुया होत्या, आणि मधोमध नाण्याएवढी जागा अजून मोकळी होती. म्हणजे पहाटे खोलीचं तापमान शून्याखाली गेलं होतं, पण फार वेळ नाही. मी पाणी तपासणीच्या प्रयोगशाळेत काम करते, त्यामुळे अशा गोष्टी आपोआप नजरेत भरतात. मी पेला मोरीत ओतला.

आम्ही यामागाता शहरातून गावी आलो होतो ते सासूबाई पडल्या म्हणून. रात्री अंघोळीच्या गरम पाण्याच्या हौदातून उठून त्या न्हाणीघराबाहेर आल्या आणि तिथल्या थंडीनं चक्कर येऊन कोसळल्या. हाड मोडलं नाही. पण डॉक्टरांनी माझ्या नवऱ्याला, काझुनारीला, बाजूला घेऊन सांगितलं, "अशा घरात आणखी एक हिवाळा काढू देऊ नका."

बर्फ वितळल्यावर काम सुरू करायचं ठरलं. आम्ही दोघं आणि आमची मुलगी कायमचे गावी राहायला येणार होतो. माळ्यावर पूर्वी रेशमाचे किडे पाळायचे, तिथे आमचा संसार मांडायचा. खाली सासूबाई. गावातल्याच ओबाता सुतारांनी सगळं घर ठोकून, वाकून, जमिनीखाली सरपटत जाऊन पाहिलं आणि मग सांगितलं, "स्वयंपाकघर, न्हाणीघर आणि दर्शनी खोली दक्षिणेला एका ओळीत आहेत. ती ओळ मी अशी करून देतो की काकूंना घरात मोजे घालावे लागणार नाहीत. मागची खोली मात्र बोळाच्या पलीकडे. ती गरम केली तरी रात्री न्हाणीघराकडे जाताना थंड बोळ ओलांडायचाच. तेव्हा काकू झोपणार कुठे, तेवढं मला सांगा."

एवढाच प्रश्न होता. पण दर्शनी खोली पाहुण्यांची होती. पितरांचा देव्हारा तिथे, ऊन तिथे, बागेकडची सरकती दारं तिथे. सासूबाई, म्हणजे सातोए, लग्न होऊन आल्या त्या दिवशी त्यांना मागच्या खोलीत गादी घालून दिली गेली, आणि सासू-सासरे गेले, नवरा गेला, तरी ती गादी तिथेच राहिली. दर्शनी खोली त्या रोज झाडत. रोज सकाळी देव्हाऱ्यात भात ठेवत. तिथे दुपारी घटकाभर आडवं झालेलं मी त्यांना कधी पाहिलं नाही.

"तू विचार ना त्यांना," मी काझुनारीला म्हणाले.

"मी विचारलं तर माझं मन राखायला हो म्हणेल. आणि हिसानोआत्यानं फोनवर हरकत घेतली की परत मागच्या खोलीत जाईल. तिनं स्वतः म्हटलं पाहिजे."

"आणि नाही म्हटलं तर?"



ओबातांनी माळ्यापासून सुरुवात केली. मग न्हाणीघर झालं, मग स्वयंपाकघर. दर थोड्या दिवसांनी ते चहाच्या वेळी सहज विचारल्यासारखं विचारत आणि सासूबाई लोणच्याची बशी पुढे सरकवत म्हणत, "तुम्हाला सोयीचं पडेल तसं करा."

"माझ्या सोयीचं म्हणाल तर मी घरी जाऊन झोपेन, काकू."

सासूबाई हसत. प्रश्न तसाच राहत असे. माळ्याचं काम पाहायला मी त्यांना वर नेलं तेव्हा मात्र भिंतीत ऊब धरण्यासाठी भरलेल्या नव्या थरावर हात ठेवून त्या बराच वेळ उभ्या राहिल्या. "वसंतातल्या गार रात्री इथे शेगड्या पेटत्या ठेवायचो आम्ही," त्या म्हणाल्या. "किड्यांना गारठा सोसत नाही म्हणून. शेगडीत कोळसा घालायला वर आले की मी मुद्दाम रेंगाळायची." मग जिना उतरताना म्हणाल्या, "या घरात किडा होऊन यावं, सून होऊन नाही." त्या गमतीनं बोलल्या होत्या. मला हसू आलं नाही.

ऑगस्टमध्ये ओबोनच्या सणाला पितर घरी येतात, आणि त्यांच्या मागोमाग हिसानोआत्या सेंदाईहून येतात. त्या माझ्या सासऱ्यांच्या थोरल्या बहीण. चौऱ्याऐंशीव्या वर्षीही पाठ सरळ. आल्या आल्या त्यांनी देव्हाऱ्यापुढे उदबत्ती लावली, घंटी वाजवली, आणि दर्शनी खोलीत नेहमीच्या जागी बसून सगळीकडे नजर फिरवली.

"ही खोली तशीच ठेवलीत ते बरं केलंत. आमचे बाबा असते तर त्यांनाही आवडलं असतं."

मी कलिंगड कापून आणलं. तेवढ्यात ओबाताही उदबत्ती लावायला आले. ते हात जोडून मागे सरकले आणि चहा घेता घेता म्हणाले, "सण झाला की जमीन उखडायला घेतो. लाकूड आलंय. आता पुढची असो की मागची, मला आजच कळायला हवं."

"त्यात विचारायचं काय?" आत्या म्हणाल्या. "मागची. सातोएला तिची सवय आहे. ही पाहुण्यांची खोली."

सासूबाई कलिंगडाच्या बिया काडीनं एकेक बाजूला काढत होत्या. मी काझुनारीकडे पाहिलं. तो बागेकडे पाहत होता.

"आत्या," मी म्हणाले, "फेब्रुवारीत आई न्हाणीघराबाहेर कोसळल्या होत्या. चक्कर येऊन."

आत्यांनी बशी खाली ठेवली. "मला कुणी सांगितलं नाही."

"मीच सांगू नका म्हटलं होतं, वन्सं," सासूबाई म्हणाल्या. "तुम्ही रात्रीची गाडी पकडून आला असता."

"आलेच असते. आणि मग दवाखान्यात तुझ्यापेक्षा जास्त कटकट मी केली असती." त्यांनी बशी पुन्हा उचलली. "तरी पण सातोए, पितरांसमोर अंथरूण? देव्हाऱ्यासमोर घोरत पडणार तू?"

"त्यांना माझ्या घोरण्याची सवय आहे," सासूबाई देव्हाऱ्यातल्या नवऱ्याच्या फोटोकडे पाहत म्हणाल्या.

ओबातांनी चहाचा घोट घाईनं गिळला.

"आणि पाहुणे आले की त्यांना कुठे झोपवायचं?"

"कोण येतं आता, आत्या?" काझुनारी पहिल्यांदाच बोलला. "तुम्हीच तेवढ्या."

"मी पाहुणी का रे?" आत्यांचा आवाज चढला. "मी या घरात जन्मलेय. या घरातली आहे मी."

बाहेर रातकिडे एका सुरात चालू होते. सासूबाईंनी काडी बशीच्या कडेला ठेवली, जवळच्या रुमालानं बोटं पुसली आणि बसल्या जागी आत्यांच्या बाजूला वळल्या. गुडघे दुखत असतानाही त्या पाय नीट दुमडून बसल्या होत्या. आवाज नेहमीचाच होता, भाजीवाल्याला कोबी निवडून द्यायला सांगावं तसा.

"आहातच तुम्ही घरातल्या, वन्सं. म्हणून पुढच्या वेळेपासून तुमची गादी वर नातीच्या शेजारी घालू, तिथे ऊब आहे. ओबाता, जमीन इथली उखडा. या हिवाळ्यापासून मी इथे झोपणार आहे."