चार पावलांवरचे खरबूज

मी एक जुने, तळहातात मावणारे दुनळी पिस्तूल आहे. मित्रांनो, माझ्या गोष्टीवर लगेच विश्वास ठेवू नका. मीही कुणावर लगेच ठेवत नाही. टेक्सासच्या पश्चिमेला, जिथे दर दगडाखाली साप असल्याचा संशय घ्यावा लागतो, तिथे माझे आयुष्य गेले. तेव्हापासून मला एकच खोड लागली आहे. कुणी माझी स्तुती केली, की तो किती अंतरावरून बोलतोय हे मी आधी बघतो.

एका छोट्या कारखान्यात माझ्या दोन आखूड नळ्या एकावर एक बसवल्या गेल्या. नळ्यांच्या आत वळसे घेत जाणाऱ्या खाचा पाडल्या. अशा खाचा गोळीसाठी असतात. गोळी त्यांच्यामुळे गरगर फिरत सरळ जाते. पण माझ्यात बारीक छर्ऱ्यांचे काडतूसही बसते. मूठभर छर्रे गरगर फिरले तर कुठे जातात, हे मला कुणी विचारले नाही. एक बार काढून पाहिला, नळी फुटली नाही, म्हणून मी पास. मग तेल लावून मला खोक्यात घातले. खोक्यावर मेलेल्या सापाचे चित्र होते. तो कुणी मारला कोण जाणे, मी तर अजून कारखान्याबाहेरही पडलो नव्हतो.

मला विकत घेतले डेल्बर्टने, त्याची थोरली बहीण वेर्ना हिच्यासाठी. वेर्नाचा नवरा लांबच्या तेलविहिरीवर कामाला असे. ती रोज सकाळी एकटीच कोंबड्यांच्या खुराड्यात अंडी काढायला जाई. आदल्या उन्हाळ्यात तिथेच एका खुळखुळ्याने, म्हणजे शेपटीचा खुळखुळा वाजवणाऱ्या सापाने, तिच्या मनगटाला चावा घेतला होता. जीव वाचला, पण डाव्या हाताची दोन बोटे वळेनाशी झाली. साप पुन्हा येणार हे ती धरूनच चालली होती. म्हणून खुराड्याच्या दाराशी लांब दांड्याचे एक फावडे कायम टेकवलेले असे.

त्या मुलखात नव्या पिस्तुलाची परीक्षा रविवारी होते. चर्चमधून आले की मागच्या अंगणात मांस भाजायला ठेवतात आणि ते होईपर्यंत कुंपणाच्या खांबावर खरबूज मांडतात. डेल्बर्टने हात लांब करून मला खरबुजाच्या अगदी नाकाशी धरले. बार झाला, खरबुजाच्या चिंधड्या उडाल्या आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांनी टाळ्या वाजवल्या. मला मात्र त्या टाळ्या खोट्या वाटल्या. इतक्या जवळून ते खरबूज बुक्कीनेही फुटले असते.

"बघितलंस ताई? आता सापाची काय बिशाद," डेल्बर्ट म्हणाला.

"साप असा खांबावर बसून राहतो का रे?"

"तुझं दुधानं तोंड पोळलंय, म्हणून ताकही फुंकून पितेस तू."

"पोळलं कुणाचं होतं? तुझं की माझं?"

सगळे हसले. डेल्बर्ट इतका खुशीत होता, की निघताना त्याने खुराड्याजवळचे फावडे उचलून आपल्या गाडीत टाकले. "आता याचं काय लोणचं घालायचंय? माझ्या मळ्यात कामाला येईल," म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी वेर्ना मला ॲप्रनच्या खिशात घालून खुराड्यापर्यंत गेली आणि दारातच थांबली. आत कोंबड्या कुरकुरत होत्या, पण तिचे पाऊल उचलेना. तिने दारातून अंडी ठेवायच्या खोक्यांपर्यंतचे अंतर नजरेने मोजले. चार पावले. मग घरात जाऊन तिने खाटकाकडचा मोठा कागद आणला, तो गोठ्यामागच्या फळीवर ठोकला आणि कोळशाने त्यावर वेटोळे घातलेला साप काढला. चार पावलांवर उभी राहून तिने नेम धरला आणि चाप ओढला.

कागदावर भोकांचे एक मोठे कडे उमटले. कड्याच्या मधोमध कोळशाचा साप जसाच्या तसा बसून होता.

तिने दुसरा बार काढला. पुन्हा कडे, पुन्हा मध्ये साप सुखरूप. तिने मला उघडून रिकामे केले आणि उजेडाकडे धरून नळ्यांमधून बघितले. छर्ऱ्यांना गरगर फिरवून बाहेर फेकणाऱ्या आतल्या खाचा तिला दिसल्या. "अस्सं," एवढेच ती म्हणाली. मला तिचा राग आला नाही. आयुष्यात प्रथमच कुणीतरी मला खरा प्रश्न विचारला होता, आणि मला फार बरे वाटले.

तिने फोन केल्यावर डेल्बर्ट दुपारी आला. कागद बघून म्हणाला, "तुझा हात थरथरला असेल."

"थरथरला असता तर कडं इतकं गोल आलं असतं का? आधी माझं फावडं दे."

"गाडीत आहे. जातंय कुठं?"

तेवढ्यात खुराड्यात कोंबड्यांचा कालवा उठला, आणि त्याच्या खाली तो कोरडा खुळखुळाट. डेल्बर्टने मला भरले आणि दार उघडले. चार पावलांवर, खोक्यांखाली, खुळखुळ्या वेटोळे घालून बसला होता.

"डेल्बर्ट, मागं हो."

"बघच तू."

त्याने थेट सापाच्या डोक्यावर नेम धरला. नेम चुकला नाही. सापाच्या भोवती धुळीचे सुरेख कडे उडाले आणि साप त्या कड्यातून सरळ त्याच्या पायावर आला. दुसरी नळी भरलेली आहे हेही डेल्बर्ट विसरला. वेर्ना मात्र तेव्हा त्याच्या मागे उभी नव्हती. बार व्हायच्या आधीच ती गाडीकडे धावली होती. फावडे घेऊन ती आली आणि एका घावात तिने ते प्रकरण संपवले.

डेल्बर्ट उपड्या बादलीवर बसला. बुटाच्या चामड्याला दोन बारीक भोके पडली होती, पण दात पायापर्यंत पोचले नव्हते. तरी तो पुन्हा पुन्हा पाय चाचपत होता.

"लागलं का?" वेर्नाने विचारले.

"नाही."

"मग रडतोस कशाला?"

"मी तुझं फावडं घेऊन गेलो होतो, ताई."

तिने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. मग फावडे धुऊन तिने दाराशी होते तिथे टेकवले.

तेव्हापासून मी स्वयंपाकघरातल्या उंच कपाटात कुलपात पडून आहे. नाताळच्या सुमारास वेर्ना मला तेल लावते, पण आधी उघडून रिकामे असल्याचे बघते, दरवर्षी, कुलपाची किल्ली तिच्याकडेच असूनही. मित्रांनो, असा संशय घेणाऱ्या माणसाला नावे ठेवू नका. माझ्यासारखे काही कुठे पडलेले दिसले तर हात लावू नका आणि "रिकामे आहे" असे सांगणाऱ्यावर तर मुळीच विसंबू नका. लगेच मोठ्या माणसाला बोलवा. आणि कुणी नवी वस्तू देऊन तुमची जुनी, खात्रीची वस्तू न्यायला लागला, तर त्याला जरा थांबवा.

परवाच्या रविवारी शेजारचा ऑर्विल असेच एक नवे पिस्तूल घेऊन आला. मी कपाटाच्या फटीतून, समोरच्या खिडकीबाहेर, अंगणात बघत होतो. त्याने हात लांब करून खरबुजाला पिस्तूल टेकवले, तसा डेल्बर्ट उठला. त्याने खरबुजामागे जुनी चादर ताणून बांधली आणि ऑर्विलला दंडाला धरून मागे नेले. एक, दोन, तीन, चार. "आता मार," म्हणाला.

बार झाला. चादरीवर भोकांचे कडे उमटले. दोन-चार छर्रे सालीला चाटून गेले असतील, तेवढेच. टाळी कुणीच वाजवली नाही, आणि त्या अंगणात पहिल्यांदाच खरबूज सुरीने कापून खाल्ले गेले.