दोन्ही टोकांना गवत

“साहेब, चालणं हा गुन्हा आहे का हो?”

विनीने हे विचारलं तेव्हा तिच्या पाठीमागे शेल्बी आणि इमानी एकमेकींच्या कोपरात कोपर अडकवून, हसू दाबत उभ्या होत्या. प्रश्न मुळात त्यांचाच. विचारून दाखव, मग तुला मानू, अशी पैज त्यांनी लावली होती. कारण ही विनी मागच्या वर्षापर्यंत वर्गात हजेरी द्यायची तीसुद्धा केसांच्या आडून. यंदा ती शाळेच्या वादविवाद संघात गेली आणि आपल्याला आवाज आहे हे तिला कळलं. तेव्हापासून तो सारखा वापरून बघायची.

शेरीफच्या पोलीस खात्यातले रॅमसे साहेब टोपी मागे सारून हसले. “गुन्हा कसला, पोरी? पण इथे चालतं कोण?”

मित्रांनो, तेव्हा मला ओरडून सांगावंसं वाटलं, अहो साहेब, तुम्ही उभे कशावर आहात? पण मला तोंड नाही. मी एक जुना फूटपाथ आहे. अमेरिकेतल्या डनमोर काउंटीत पिटमन रोडच्या कडेला मी सव्वीस वर्षं आडवा पडलोय. लांबी एकशे बारा पावलं. माझ्या पूर्वेच्या टोकाला गवत आहे आणि पश्चिमेच्या टोकालाही गवतच. मी कुठून येत नाही नि कुठे जात नाही.

हे असं कसं झालं, ते सांगतो. आमच्या काउंटीचा नियम आहे, की रस्त्यालगत जो इमारत बांधेल त्याने आपल्या जागेपुढे फूटपाथ करून द्यायचा. दाताच्या डॉक्टरांनी दवाखाना बांधला आणि नियमाप्रमाणे मला घडवलं. जून महिना होता. चार माणसांनी लाकडी फळ्यांच्या चौकटीत माझं ओलं काँक्रीट ओतलं, थापीने सारखं केलं, पाय घसरू नये म्हणून वरून खराट्याच्या बारीक रेघा ओढल्या. किती जपून काम केलं त्यांनी! त्यांतला एक जण म्हणाला होता, दोन्ही बाजूंना इमारती होतील आणि हा थेट दुकानांपर्यंत जाईल. ते ऐकून मी वाळायच्या आधीच फुशारलो होतो.

पूर्वेकडच्या माळावर ‘विकणे आहे’ ही पाटी लागली ती अजून तशीच आहे, फक्त तिचा रंग उडालाय. पश्चिमेकडच्या मालकाला बांधायचंच नाही. बांधकाम नाही तर फूटपाथ नाही. त्याच्या गवतापलीकडे दुकानांची रांग आहे. न्हाव्याच्या दुकानाबाहेरचा लाल-पांढरा-निळा खांब गरगर फिरताना मला इथून दिसतो. माझ्यात आणि त्या खांबात चारशे पावलं गवत, मध्ये एक ओहोळ. शेजारून गाड्या ताशी पंचेचाळीस मैलांच्या वेगाने जातात. सव्वीस वर्षं मी तो खांब बघतोय.

माझं कौतुक झालं नाही असं नाही. एकदा काउंटीच्या माहितीपुस्तिकेसाठी माझा फोटो काढला. राहायला आमच्या काउंटीसारखी जागा नाही, जीवनमान कसं उंच, शाळा कशा नामांकित, अंगणं कशी ऐसपैस, असं सगळं त्यात छापायचं होतं. फोटोवाल्याने एक कुटुंब गाडीतून आणलं. आई, वडील, बाबागाडीत बाळ. त्यांना माझ्यावरून तीनदा चालवलं. तिसऱ्यांदा म्हणे हसू नैसर्गिक आलं. मग ते कुटुंब बाबागाडी घडी करून गाडीत बसलं आणि निघून गेलं. पुस्तिकेत खाली ओळ होती, ‘पायी फिरण्याचा आनंद’.

त्यात छापलेलं खोटं नव्हतं, मित्रांनो. घरं मोठी आहेत, झाडं आहेत, नळाला चांगलं पाणी आहे, चोऱ्यामाऱ्या नाहीत. फक्त ज्याला गाडी चालवता येत नाही, त्याने त्या मोठ्या घरातच बसायचं. म्हणजे पंधरा वर्षांच्या पोरींनी आणि ऐंशीच्या पुढच्या म्हाताऱ्यांनी.

पोरींचं असं, की शेल्बीची आई दवाखान्यात खुर्चीवर बसून लोकांना वेळा देते. शाळेची बस तिघींना इथे उतरवते आणि पाचला शेल्बीची आई त्यांना आपापल्या घरी सोडते, कारण चालत घरी जायची मुभा एकीलाही नाही. मधले दोन तास त्या माझ्यावर मांडी घालून बसतात, कुरकुरीत काहीबाही खातात आणि सगळा चुरा मला देतात. मी त्यांच्याकडून किती ऐकलंय! लायब्ररी दोन मैलांवर आहे, पण आई मोकळी असेल तेव्हाच. मैत्रिणीचं घर समोर दिसतं, पण मधे सहापदरी रस्ता. सोळावं लागलं की गाडी हातात येईल, मग बघा, असं तिघी म्हणायच्या. तुरुंगातून सुटायची तारीख मोजावी तसे त्या दिवस मोजत होत्या.

म्हातारा एकच माझ्या ओळखीचा, विनीचे आजोबा. लोवेल हॅगस्ट्रम. एका छोट्या गावात त्यांनी एकतीस वर्षं पायी टपाल वाटलं होतं. बायको गेली, डोळे अधू झाले. डोळ्यांनी दगा दिल्यावर त्यांनी स्वतःच गाडीचा परवाना परत करून टाकला आणि ते मुलीकडे, म्हणजे विनीच्या आईकडे, राहायला आले. घर माझ्या पूर्वेला, माळ ओलांडून.

पहिल्यांदा त्यांचा बूट माझ्यावर पडला तेव्हाच मी ओळखलं, हा चालणारा माणूस आहे. टाच टेकते, चवडा सुटतो, घाई नाही, थांबणं नाही. एवढ्या वर्षांत माझ्यावर गाडीपासून दारापर्यंतची पावलं पडली होती. वाट चालणारं पाऊल हे पहिलंच. एकशे बारा पावलं झाली, मी संपलो. ते गवतात उतरले, ओहोळ ओलांडला आणि त्या फिरत्या खांबाच्या दिशेने गेले. मला काय वाटलं म्हणून सांगू! माझ्यावरून कोणीतरी कुठेतरी पोहोचलं होतं.

न्हाव्याकडे त्यांना काम असं काही नव्हतंच. विनी म्हणायची, आजोबांच्या डोक्यावर मोजून अकरा केस आहेत आणि त्यातले चार संपावर. पण तिथे खुर्च्या होत्या, गप्पा होत्या, त्यांना ‘लोवेल’ म्हणून हाक मारणारी माणसं होती.

पण आमच्याकडे रस्त्याच्या कडेने म्हातारा माणूस चालताना दिसला, की लोकांना एकच अर्थ लागतो. एका बाईंनी गाडी थांबवून विचारलं, काही मदत हवी का. ते म्हणाले, केस कापायला चाललोय. बाईंनी त्यांच्या टकलाकडे पाहिलं, फार कनवाळूपणे मान हलवली आणि पोलिसांना फोन केला. रॅमसे साहेब आले ते त्या दिवशी, आणि विनीने त्यांना पैजेचा प्रश्न विचारला तोही त्याच दिवशी. साहेबांनी अदबीने आजोबांना गाडीत बसवलं आणि घरी सोडलं. कागदावर मात्र लिहिलं, ‘वृद्ध पुरुष, गोंधळलेला’.

तीन आठवड्यांनी पुन्हा तेच. फोन करणारं दुसरंच कुणी, शब्द तेच. दोन कागद झाले.

विनीच्या आईला वाईट म्हणू नका, मित्रांनो. लिनेट तिचं नाव. ती इस्पितळात अपघात विभागात काम करते आणि पिटमन रोडवरून तिथे काय काय येतं ते रोज बघते. दोन कागद तिने आजोबांच्या डॉक्टरांपुढे ठेवले. डॉक्टरांनी आजोबांना आज वार कोणता ते विचारलं. आजोबा म्हणाले, तुमच्या चेहऱ्यावरून तर सोमवार दिसतोय. बुधवार होता. झालं. विसर पडणाऱ्या म्हाताऱ्यांच्या एका निवासात त्यांची जागा ठरली. तिथल्या दाराला आकड्यांचं कुलूप असतं आणि आकडे फक्त नोकरांना ठाऊक असतात. शनिवारी न्यायचं होतं.

हे मला विनीच्या तोंडून कळलं. गुरुवारी ती माझ्यावर बसून हे सांगत होती आणि सांगता सांगता माझ्या एका भेगेतलं गवत मुळापासून उपटत होती. आजोबांना काही विसर पडलेला नाही, ती म्हणाली, त्यांना तर त्यांच्या जुन्या गावातली दोनशे चाळीस घरं अजून क्रमाने पाठ आहेत, कुत्र्यांच्या नावांसकट. इमानीने विचारलं, मग आईला सांग ना. विनी म्हणाली, सांगून झालं, आईला कागद दिसतात.

मी काय करू शकत होतो? मी एक अडकलेला काँक्रीटचा पट्टा. आयुष्यात इतका निरुपयोगी मी स्वतःला कधी वाटलो नव्हतो. माझ्या दोन्ही टोकांना थोडं थोडं अंग वाढलं असतं, तर त्या भल्या माणसाला कोणी हरवलेला म्हटलं नसतं. गवतात चालणारा माणूस हरवलेला दिसतो. फूटपाथवर चालणारा नुसता चालणारा दिसतो. एवढाच फरक, आणि त्यापायी दाराला कुलूप.

शुक्रवारी बसमधून उतरल्यावर विनी माझ्यावर बसली नाही. दप्तर शेल्बीच्या अंगावर टाकून माळ तुडवत घरी गेली आणि पाऊण तासाने आजोबांच्या हाताला धरून परत आली. दोघं माझ्यावरून गेली, गवतात उतरली. मी त्या खांबाकडे बघत राहिलो. तासाभराने ती परत येताना दिसली. आजोबांच्या मानेवर पावडर होती आणि विनीच्या बुटांना ओहोळाचा चिखल. दोघंही कशावर तरी हसत होती.

दोघं माझ्यावर चढली आणि रॅमसे साहेबांची गाडी येऊन थांबली. पाठोपाठ विनीचे आईवडील. साहेबांनी वाटेतच त्यांना फोन केला होता. लिनेट गाडीतून उतरली तेव्हा तिच्या अंगावर इस्पितळाचेच कपडे होते. वडील, डग, गाडीचे दिवे उघडझाप करत ठेवून तिच्या मागे आले.

“बाबा, उद्यापर्यंत तरी घरात बसायचं होतं,” ती आजोबांना म्हणाली.

“मी नेलं त्यांना,” विनी म्हणाली. मग साहेबांकडे वळली. “फोनवर काय सांगितलं, साहेब? जसंच्या तसं सांगा.”

रॅमसे साहेबांनी खिशातली वही काढली आणि घसा खाकरला. “दोन व्यक्ती. गोंधळलेल्या. रस्त्याच्या कडेने भटकताहेत.”

“दोन?”

“दोन.”

विनी आईकडे वळली. “म्हणजे मी पण. मी वादविवादात जिल्ह्यात दुसरी आलेय, आई, आणि मी पण गोंधळलेली. मग माझंही नाव घाल त्या निवासात.”

“हिला जरूर घ्या,” आजोबा म्हणाले. “हिचं गणित चांगलंय. दाराचे आकडे आठवड्यात काढेल.”

डगना हसू आलं, त्यांनी ते खोकल्यात घातलं. लिनेट हसली नाही. ती साहेबांच्या हातातल्या वहीकडे बघत होती. मग तिने आधीचे दोन कागद कोणी आणि काय पाहून लिहिले, ते साहेबांना विचारलं. साहेबांनी टोपी काढली. म्हणाले, फोनवर जे सांगतात तेच आम्ही लिहितो, बाई. त्यांना तुम्ही कुठे चाललात हे मी दोन्ही वेळा विचारलं, दोन्ही वेळा ते ‘न्हाव्याकडे’ म्हणाले. न्हाव्याचं दुकान त्याच वाटेवर आहे. हे मी लिहिलं नाही.

लिनेटने वडिलांच्या मानेवरची पावडर बोटाने पुसली. “आणि एखादी गाडी आली असती तर? मी तिथे टेबलावर तुम्हाला बघायचं?” ती म्हणाली. आजोबांनी रस्त्याकडे पाहिलं. त्यांना त्या गाड्यांपासून दूर ठेवणं खरं तर माझंच काम होतं.

मित्रांनो, तुमच्या दारापुढचा फूटपाथ कुठे जातो, ते एकदा चालून बघा. मध्येच संपत असेल तर ज्यांचं ते काम आहे त्यांना विचारा. तुम्हाला गाडी आहे म्हणून गप्प बसू नका. आम्हाला तेलपाणी लागत नाही. आम्हाला फक्त दुसऱ्या टोकापर्यंत जाऊ द्या. आणि कडेने कोणी चालत असेल, तर पोलिसांना फोन करण्याआधी त्याला हात हलवून बघा. तोही हलवेल.

विनीने आजोबांच्या दंडाला धरलं, त्यांना गवताच्या बाजूला घेतलं आणि स्वतः रस्त्याच्या बाजूला उभी राहिली. आवाज तिचाच होता, पण या वेळी तो वापरून बघण्यासाठी नव्हता.

“आई, पप्पा, आजोबा उद्या कुठेही राहायला जाणार नाहीत. मला सोळावं लागलं तरी दर शनिवारी मी त्यांच्याबरोबर पायी दुकानांपर्यंत जाणार. रस्त्याच्या बाजूने मी चालेन. कोणी फोन केला तर करू दे, कागदावर दर वेळी दोघं हरवलेली लिहावी लागतील.”