आडवी मूठ

मूठ तिरकी होती.

माझ्या हातून मूठ कधी तिरकी राहत नाही. यंत्रात माल भरून झाला की दार लावायचं, मूठ फिरवायची, ती बरोबर आडवी आली की आत दाबायची आणि खट् असा आवाज ऐकून निघायचं. ही माझी खूण आहे. ती मी कुणाला सांगितलेली नाही, बायकोलासुद्धा नाही. आणि आज रुग्णालयाच्या हॉलमधल्या आमच्या यंत्राची मूठ कलंडलेली होती. म्हणजे काल मी गेल्यावर कुणीतरी दार उघडलं होतं.

ज्यांनी या यंत्रात फक्त नाणी टाकली आहेत आणि बिस्किटाचा पुडा अडकला की लाथा घातल्या आहेत, त्यांच्यासाठी सांगतो. दारावर एका गोल खोबणीत टी आकाराची मूठ असते आणि तिच्या पोटात कुलूप. किल्ली घरच्या किल्लीसारखी चपटी नसते, गोल असते, नळीच्या तुकड्यासारखी. ती घालून फिरवली की मूठ टुणकन बाहेर येते. पण तेवढ्याने दार उघडत नाही. मुठीमागे आटे पाडलेला दांडा असतो, तो आतल्या नटात रुतलेला. मूठ उलटी फिरवत फिरवत तो सोडवायचा, तेव्हा कुठे दार हाताला येतं. लावताना सुलट फिरवून आवळायचं आणि मूठ आत दाबायची. दाबायला किल्ली लागत नाही. उघडायला मात्र किल्लीवाचून इलाज नाही, आणि किल्ल्या दोनच. एक माझ्याकडे, दुसरी मेहुण्याकडे.

मेहुणा माझा भागीदार. माल मी भरतो, बिघाड तो काढतो. तक्रार आली तरच त्याने यंत्र उघडायचं, असं ठरलेलं. त्या आठवड्यात तक्रार एकही नव्हती.

मी नाण्यांची पेटी पाहिली, पुडे पाहिले. सगळं जागच्या जागी. चोरी झाली असती तर मी इतका अस्वस्थ झालो नसतो. चोराला काय हवं असतं ते आपल्याला कळतं. काही न नेता दार उघडणाऱ्या माणसाला काय हवं असतं?

दुसऱ्या दिवशी पुन्हा मूठ तिरकी, आणि दारावर गुडघ्याच्या उंचीला राखाडी ठसा. तसली भुकटी आमच्या वर्कशॉपमध्ये असते, आणि तिथे फतकल मारून बसणारा माणूस एकच, मेहुणा. मनात पाल चुकचुकली ती चुकचुकलीच.

त्यात तो मला दिसला बाजारात, दुसऱ्या यंत्रवाल्याशी बोलताना. तोच माणूस, जो वर्षभर आमची रुग्णालयातली जागा मिळवायला टपून बसलाय. मेहुणा हातवारे करून त्याला दाराची जाडी का काय ते दाखवत होता. मला पाहिलं आणि हात खिशात घातले.

"तुझा भाऊ वेगळा होण्याच्या विचारात आहे का?" मी घरी बायकोला विचारलं.

"तुमच्या डोक्यात परत काय शिरलं?"

"विचारतोय फक्त."

"तुम्ही फक्त कधी विचारत नाही," ती म्हणाली. "एवढं ध्यानात ठेवा, तो एकटाच आहे मला. तुमच्या संशयापायी तो तुटला ना, तर मी या घरात राहीन, पण तुमच्याशी बोलणार नाही."

ती बोलल्याप्रमाणे वागते, हे मला चांगलं ठाऊक आहे. शिवाय यंत्राच्या पोटातलं मला ओ की ठो कळत नाही. तो गेला तर धंदा महिनाभरात बसला असता. म्हणून मी भांडलो नाही. मी गुपचूप कुलूप बदललं. जुनं काढून मुठीत नवीन बसवलं, त्याच्या दोन्ही गोल किल्ल्या खिशात टाकल्या, मूठ आडवी केली, दाबली. खट्. कर आता काय करायचं ते, असं मी मनातल्या मनात म्हणालो, आणि खोटं कशाला बोलू, मला फार बरं वाटलं.

दुपारी मेहुण्याचा फोन वाजू लागला. मी उचलला नाही. पुन्हा वाजला, पुन्हा नाही. किल्ली लागत नाही म्हणून चडफडतोय, वाजू दे. सापळ्यात उंदीर सापडल्यावर माणूस त्याची विचारपूस करत नाही.

ऊन उतरायला लागलं तेव्हा फोन आला तो रुग्णालयाच्या वॉचमनचा.

"तुमचा माणूस मशीनला पाठ लावून बसलाय हो. दुपारपासून. ऊठ म्हटलं तर उठत नाही. त्याला बरंबिरं नाही का?"

मी गेलो. वाटेत काय काय बोलायचं त्याची उजळणी केली. एक वाक्य तर फारच झणझणीत जमलं होतं.

मेहुणा फरशीवर बसला होता, पाठ दाराला आणि पाय समोरच्या खांबाला रेटून. शर्ट घामाने भिजला होता. मला पाहून त्याने नुसता सुस्कारा सोडला.

"आलात भाऊजी? आधी किल्ली लावा. मी सोडलं तर दार येईल कुणाच्या तरी अंगावर. दुपारी एकाचा पुडा अडकला, त्याने हिसका दिला तर दार अर्धं सुटलं."

"सुटलं? मी स्वतः लावलंय."

"मूठ लावलीत तुम्ही. दार कुठे आवळलंत?"

मी किल्ली घातली. मूठ बाहेर आली, आणि एक वेढा उलटा देतो न देतो तोच दांडा नटातून निसटला. नुसत्या टोकावर उभं होतं एवढं मोठं दार.

"तीन-चार दिवसांपूर्वी रबर बदललं ना आपण दाराचं," तो दंडाने घाम पुसत म्हणाला. "नवं जाड आहे. ते दाबायला लागलं की मूठ जड होते, वाटतं झालं. झालेलं नसतं. गुडघा लावून दार रेटायचं आणि मूठ पुरती अडेस्तोवर फिरवायची. मग ती आडवी राहो नाहीतर तिरकी. तुम्ही आडवी आली की थांबता."

"तुला काय माहीत मी आडवी ठेवतो?"

"रोज दुपारी मीच आवळतोय की."

"मग सांगायचं नाही का, शहाण्या!"

"रबर बसवलं त्या दिवशी सांगितलं होतं. तुम्ही म्हणालात, मला शिकवू नकोस." तो हसला, पण थोडंच. "म्हटलं, पातळ रबर मिळेपर्यंत आपणच येऊन आवळावं. त्या यंत्रवाल्याकडे होतं शिल्लक. आज तेच बसवायला आलो होतो."

त्याच्या शेजारी पिशवीत रबराचं काळं वेटोळं होतं. माझं झणझणीत वाक्य आता मलाच लागू पडत होतं. मला लाज वाटली, इतकी की शेजारी उभ्या वॉचमनकडेही बघवेना.

मी दाराला गुडघा लावला. मूठ फिरवत राहिलो, ती आडवी आली, पुढे गेली, पुन्हा आडवी आली, पुन्हा गेली, आणि अडली तेव्हा चांगली तिरकी होती. दाबली. खट्.

"कुलूप बदललंत," तो म्हणाला. विचारलं नाही, नुसतं म्हणाला.

"जुनं सैल झालं होतं," मी म्हणालो.

"हो. झालं असेल."

मी खिशातून दुसरी नवी किल्ली काढून पुढे केली. "ही तुझी. द्यायचीच राहिली."

त्याने ती पाहिली. मग आपल्या जुडग्यातून जुनी गोल किल्ली सोडवायला घेतली. कडी घट्ट होती, नख मोडेस्तोवर वेळ लागला. ती त्याने माझ्याच तळहातावर, नवीच्या शेजारी ठेवली.

"असू देत तुमच्याकडेच," तो म्हणाला. "रबर उद्या येऊन बसवतो. तुम्ही असाल तेव्हा. आणि ताईला काही सांगू नका, तिला वाईट वाटेल."

पिशवी उचलून तो हॉलमधून चालत गेला. मी तिथेच उभा राहिलो. मला हव्या होत्या तशा सगळ्या किल्ल्या आता माझ्याकडे होत्या.