कर्दळीचं बी आणि माझे दात

मित्रांनो, माझं वय विचारू नका, माझे झिजलेले दातच ते सांगतील. मी वीतभर लांबीची, लाकडी मुठीची एक कानस आहे. लोखंड घासून गुळगुळीत करणं हा माझा धंदा. तरीही आज माझ्या अंगावर गंज आहे आणि दातांत माती आहे. हे कसं झालं ते सांगताना माझा आवाज चढला, तर सांभाळून घ्या.

कारखान्यात पोलादाच्या पट्टीवर छिन्नीने खाचा मारून माझे दात काढले, मला भट्टीत तापवलं आणि पाण्यात विझवलं. मग मी एका फिटरच्या हाती आले. बत्तीस वर्षं आम्ही जोडीने काम केलं. आमच्या हातून तयार झालेल्या भागावरून बोट फिरवलं, तर कुठे बोचायचं नाही. साहेब म्हणायचे, "याचं काम म्हणजे आरसा!" कौतुक त्याचं व्हायचं, झिजायचे मी. पण संध्याकाळी तो मला ब्रशने साफ करून फडक्यात गुंडाळायचा, म्हणून माझी तक्रार नव्हती.

तो निवृत्त झाला आणि मी स्वयंपाकघराच्या खणात, तुटक्या चमच्यांच्या शेजारी जाऊन पडले. दोन वर्षं कुणी विचारलं नाही. मग एके सकाळी त्याची मोठी बहीण एक डबी घेऊन आली.

ताईंकडे एक रानटी कर्दळ होती. तरुणपणी त्यांनी ती एका पाणथळ जागेतून आणली होती. अरुंद पानं, बोटाएवढी लाल फुलं. बागेतल्या थोराड कर्दळीपुढे तिच्याकडे कुणी ढुंकूनही पाहत नसे. तशी दुसरी ताईंना पुन्हा कुठेच मिळाली नव्हती. यंदा तिच्या पानांवर पिवळे पट्टे उठले. रोग कंदात शिरला होता, सगळं बेट उपटून जाळावं लागलं. उरल्या फक्त सहा बिया. काळ्याभोर, वाटाण्याएवढ्या आणि दगडासारख्या टणक.

"धाकट्या, माझ्या डोळ्यांना आता दिसत नाही," ताई म्हणाल्या. "तू घास. बीचा डोळा, म्हणजे कोंब फुटतो ती जागा, सोडून एका जागी कवच घासायचं, आतलं पांढरं दिसलं की थांबायचं. मग कोमट पाण्यात टाकायचं. एवढंच."

एवढंच! पण हा माणूस फिटर. त्याने पहिलं बी चिमट्यात धरलं आणि मला चालवलं. चौथ्या फेरीला पांढरा ठिपका दिसला. झालं होतं काम! पण याला एका बाजूला खड्डा कसा बघवणार? त्याने बी फिरवून फिरवून सगळीकडून सारखं केलं, उरलीसुरली कडही घासून गोल केली. मी करकरून सांगत होते, अरे थांब, आत जीव आहे! हा आपला उजेडात धरून चकाकी बघतोय.

दुसरं तसंच. तिसरंही. दोन दिवसांत पाण्यात नुसता बुळबुळीत लगदा झाला.

"पाणी वाईट असेल," तो म्हणाला.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मला तळपाय नाहीत, तरी गेली. पुढच्या दोन बियांसाठी त्याने पाणी उकळून निववून घेतलं. घासणं मात्र तेच! पाच बिया गेल्या आणि डबीत एकच बी उरलं.

ताई आल्या तेव्हा तो मान खाली घालून बसला होता. त्यांनी डबी चाचपली. एकच बी बोटांना लागलं.

"घास," त्या म्हणाल्या. "मी इथेच बसते."

मी चालू लागले. करकर, करकर, आणि मग आवाज बसला. खस्स.

"थांब!"

"अगं ताई, अजून कड आहे. बोटाला लागतेय."

"लागू दे. तुला बी हवंय की गोटी? कानस सांगतेय ना, आवाज बदलला ते! तुला ऐकू येत नाही?"

मित्रांनो, इतक्या वर्षांत माझं बोलणं कुणीतरी पहिल्यांदाच ऐकलं होतं. मला रडता येत असतं तर मी रडले असते.

नवव्या दिवशी बीला कोंब आला. ताईंनी त्यावर बोट टेकवलं आणि "आली गं बाई" म्हणून पदर डोळ्यांना लावला. धाकट्याने आनंदाच्या भरात काय करावं? रोपाला आधार हवा म्हणून मला मूठ वर करून कुंडीत खोचलं! रोज पाणी रोपाला, अंघोळ मला.

पुढच्या मोसमात फुलं आली, बोंडं धरली. बिया निघाल्या चौदा. मग घरभर शोधाशोध सुरू झाली. "कानस कुठे गेली? इथेच तर होती!" खण उपसले, माळा उपसला. मी कुंडीत, यांच्या नाकासमोर! शेवटी ताईंचाच हात पानं चाचपताना माझ्या मुठीला लागला.

त्याने माती झटकली आणि एक बी धरलं. गंजल्या दातांनी मी कशीबशी चालले. करकर, करकर, खस्स.

ताईंनी "थांब" म्हणायला तोंड उघडलं, त्याआधीच तो थांबला होता. कड तशीच ठेवून त्याने बी ताटलीतल्या पाण्यात सोडलं, आणि मला ठेवलं कुठे? त्याच ओल्या ताटलीत.

मित्रांनो, अवजार बोलतं ते ऐकत जा, आणि काम झालं की थांबत जा. बी आता रुजेल, त्याची काळजी नको. मला मात्र कुणीतरी पुसा!