मयताशी नातं

दार उघडंच होतं. सोनूबाईनं पायरीखाली चपला काढल्या आणि आत न जाता कडी वाजवली. आतून एक म्हातारी भिंतीचा आधार घेत बाहेर आली.

“नीलम्मा हाईत का?”

म्हातारीनं तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. “कुठनं आलाय?”

“कोल्हापुरास्नं. कोर्टाचं काम हाय त्यांच्याकडं. त्यांच्या मालकांचं, महालिंगचं.”

म्हातारी सावकाश उंबऱ्यावर टेकली. “नीलम्मा माझी लेक. किल्लारीला भूकंप झाला बघा, त्याच साली गेली.”

“कुठं गेल्या?”

म्हातारीनं पायाखालच्या जमिनीवर हात आपटला. “इथं. आणि कुठं?”

सोनूबाई पायरीवर बसली. “मालकांस्नी ठाव हुतं हे?”

“न ठाव असायला काय झालं? त्यानंच माती दिली की.”

महालिंगला जाऊन दीड वर्ष झालं होतं. उद्यमनगरातल्या एका फौंड्रीत वितळलेल्या लोखंडाची बादली त्याच्या अंगावर कलंडली तेव्हा सोनूबाई त्याच शेडमध्ये वाळू चाळत होती. फौंड्रीच्या मालकानं नुकसानभरपाई कोर्टात भरली आणि तो मोकळा झाला. फौंड्रीच्या कागदात वारस म्हणून बायको नीलम्माचं नाव होतं आणि पत्ता महालिंगच्या गावचा, जयसिंगपूरच्या पुढचा. तिथं आता त्याचं कुणी राहत नव्हतं. दोन्ही नोटिसा परत आल्या. मग सोनूबाईनं स्वतःच बायको म्हणून अर्ज केला.

कोर्टातले कारकून गणपतराव तिला म्हणाले होते, “लग्नाचा पुरावा नाही तुमच्याकडं. ही रक्कम नीलम्माची. ती सापडत नाही तोवर अशीच पडून राहणार. तुम्हीच हुडकून काढा तिला. तिचं मन झालं, तर थोडंफार तुमच्याही पदरात पडेल.”

म्हणून ती कामावर खाडा करून निघाली. महालिंगच्या गावात एका दुकानदारानं तिला नदीपलीकडे, कर्नाटकातल्या या गावाकडे पाठवलं. नीलम्माचं माहेर तिथं आहे, एवढंच तो म्हणाला.

‘नीलम्मा हाय तोवर मला दुसरं लगीन करता येत न्हाय,’ महालिंग म्हणायचा. उचगावच्या खोलीत त्याच्यासोबत राहताना दहा वर्षं सोनूबाईनं ते वाक्य ऐकलं होतं. तिच्या भावाला, आकारामला, ते कधीच पटलं नाही. लग्न केल्याशिवाय आमच्या दारात यायचं नाही, असं त्यानं बजावलं होतं. आई गेली तेव्हाही त्यानं तिला गल्लीच्या तोंडाशीच थांबवलं होतं. आई गेली ती किल्लारीच्या भूकंपानंतर बऱ्याच दिवसांनी. तोवर नीलम्मा केव्हाच मातीत गेली होती. भूकंपाच्या वर्षी एकदा महालिंग गावाहून आला आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिला. ताप असेल म्हणून सोनूबाई त्याचे पाय चेपत बसली होती.

“तुमी कुणापैकी?” म्हातारीनं विचारलं.

“बौद्ध.”

म्हातारीनं मान हलवली. तेवढ्यात डोक्यावर वैरणीचा भारा घेऊन एक मुलगी अंगणात आली. भारा टाकून तिनं पदराच्या टोकानं मान पुसली, घरात जाऊन तांब्या-भांडं आणलं. ती भांडं हातात द्यायला वाकली तशी म्हातारी कानडीत काहीतरी पुटपुटली. मुलीनं भांडं पायरीवर ठेवलं आणि वरून पाणी ओतलं. सोनूबाईला तहान लागली होती. ती प्यायली.

“अज्जी, कोण हाईत ह्या?”

“कोल्हापूरच्या.”

मुलीचा चेहरा उजळला. “कोल्हापूरच्या? आमचे अप्पा तिथंच असतात, फौंड्रीत. महालिंग त्यांचं नाव. वळखता तुमी? दोन दिवाळ्या झाल्या, आलेच न्हाईत. माझ्या लग्नाचं बघतो म्हणालते.”

बोलताना ती महालिंगसारखीच मान किंचित डावीकडे झुकवत होती. सोनूबाईनं नजर खाली वळवली. मुलगी आहे हेसुद्धा त्यानं कधी सांगितलं नव्हतं. आत्ता उठून चपला घातल्या असत्या तर संध्याकाळपर्यंत ती खोलीवर पोचली असती. पैसे कोर्टात पडून राहिले असते आणि ही पोर वाट बघत राहिली असती.

“नाव काय तुझं?”

“दानेश्वरी.”

“बस खाली, पोरी.”

सोनूबाईनं सांगितलं. म्हातारीनं कपाळावर हात मारून कानडीत आक्रोश मांडला. शेजारच्या दोन बायका धावत आल्या. दानेश्वरी मात्र होती तशीच बसून राहिली.

“म्हणजे मी वाट बघत हुते तवा ते न्हवतेच?”

“न्हवते.”

“लई भाजलंतं?”

“न्हाय,” सोनूबाई म्हणाली. “कळलं पन न्हाय त्यास्नी. झटक्यात गेले.”

सरकारी दवाखान्यात जीव जाईपर्यंत तो ओरडत होता. ती त्याच्या खाटेशीच बसली होती.

पुढच्या महिन्यात अज्जी आणि नात शाळेचा दाखला, रेशनकार्ड घेऊन कोल्हापूरला आल्या. सोनूबाई त्यांना स्टँडवरून कोर्टात घेऊन गेली. गणपतरावांनी कागद चाळले आणि सोनूबाईला एकटीलाच टेबलाशी बोलावलं.

“लेक बिनलग्नाची आहे. रक्कम तिची, त्यात वाद नाही. अडचण तुमच्या अर्जाची आहे. तुम्ही बायको म्हणून हक्क सांगितलाय. दोन दावेदार म्हटल्यावर सुनावण्या लागणार, वकील लागणार. कधी निकाल लागेल सांगता येत नाही.”

“आणि अर्ज काढून घेतला तर?”

“तर लगेच होईल.” त्यांनी चष्मा काढला. “पण विचार करा, बाई. नातं नव्हतं म्हणून एकदा लिहून दिलं की पुन्हा इथं पाऊल ठेवता येणार नाही. त्यापेक्षा म्हातारीशी बोलून बघा. द्यायला तयार होईल काहीतरी.”

सोनूबाईनं मागं वळून पाहिलं. बाकावर अज्जी पाय वर घेऊन बसली होती. दानेश्वरी मांडीवरच्या कागदांवर दोन्ही हात ठेवून समोरच्या भिंतीकडे पाहत होती.

“न्हाय बोलायचं मला,” सोनूबाई म्हणाली.

दुपारी साहेबांपुढं नाव पुकारलं गेलं. साहेबांनी मान वर न करता विचारलं, “मयताशी तुमचं नातं?”

गेला महिनाभर ती महालिंगला विचारायचे प्रश्न मनात जुळवत होती. ते विचारायला आता कुणी नव्हतं. इथं तिलाच विचारत होते.

“काय न्हाय,” ती म्हणाली. आवाज वाटला होता त्यापेक्षा मोठा निघाला. बाकावरच्या दोघींनाही तो ऐकू गेला असणार. “एका फौंड्रीत कामाला हुतो. एवढंच.”

म्हणून झाल्यावर तिला बरं वाटलं. आणि बरं वाटलं याची तिला भीती वाटली. गणपतरावांनी दाखवलं तिथं तिनं एकेक अक्षर काढत सही केली. सही करायला तिला महालिंगनंच शिकवलं होतं.

स्टँडवर गाडी लागली नव्हती. अज्जी पिशव्या राखत खांबाशी बसली. सोनूबाई जरा लांब उभी होती. जायला हरकत नव्हती, तरी थांबली होती. दानेश्वरी तिच्याजवळ येऊन उभी राहिली. दोघी फलाटावरच्या गाड्या बघत होत्या.

“आक्का,” दानेश्वरी म्हणाली, “अप्पा यायचे तवा त्यांच्या पिशवीत फडक्यात बांधलेल्या भाकऱ्या असायच्या. वाटेत खाऊन उरलेल्या. अज्जी म्हणायची, कुठल्या खानावळीतल्या असतील, म्हशीला घाल. मी न्हाई घालायची. गोठ्यात बसून खायची.”

सोनूबाईनं तिच्याकडं वळून पाहिलं.

“खानावळीत तसल्या पातळ भाकऱ्या करत न्हाईत.”

गाडी आली. माणसं खिडक्यांतून रुमाल टाकून जागा धरू लागली. अज्जीनं खांबापासून नातीला हाक मारली.

“चटणी तिखट लागायची का?” सोनूबाईनं विचारलं.

“लई,” दानेश्वरी म्हणाली, आणि पिशव्या उचलायला पळाली.