बुर्सापुरतं सामान

नजीब वजनकाट्यावर चढला, आकडा बघितला, खाली उतरला आणि बॅग छातीशी कवटाळून पुन्हा चढला. बिल्किस गुडघ्यांवर हात टेकून, वाकून आकडा वाचत होती. काटा बाथरूमच्या दाराशी मांडला होता, कारण त्या खोलीत तेवढीच फरशी मोकळी होती.

“दहा किलो,” ती म्हणाली. “सातच चालतात.”

“काटा खोटा हाय.”

“काटा तुमच्यापेक्षा खरा हाय. उतरा.”

तिनं बॅग पलंगावर ठेवून उघडली. वरचे कपडे बाजूला केले आणि कमरेवर हात ठेवून बघत राहिली. तळाशी दुधाच्या पावडरीचा डबा होता, संत्र्याच्या सरबताची बरणी होती, टॉफीची पिशवी होती, बामच्या बाटल्या होत्या आणि हे सगळं फुटू नये म्हणून मधेमधे टॉवेल खुपसलेले होते.

“हे कोणासाठी?”

नजीब काट्याकडेच बघत राहिला.

“बुर्साला आपलं कोण हाय? तुमची मावशी दिलीय काय तिथं?”

“असूदे गो. रिकाम्या हातानं कसं जायचं? कोणी घरात बोलावलं तर?”

बिल्किसला हसू आवरेना. पण नजीबचं तरी काय चुकलं म्हणा? तीस वर्षं बहरीनमध्ये काढलेल्या माणसाला सामान म्हणजे दुसऱ्याचंच सामान वाटतं. रजा जवळ आली की कार्टन आणायचं, कोल्ड स्टोअरमधून, म्हणजे कोपऱ्यावरच्या किराणा दुकानातून, डबे-बरण्या आणून भरायचं, नायलॉनच्या दोरीनं करकचून बांधायचं आणि जाड मार्करनं चारी बाजूंना लिहायचं: नजीब अमुकतमुक, तालुका दापोली, जिल्हा रत्नागिरी. आपल्या स्वतःसाठी बॅग कशी भरतात हे त्याला कोणी शिकवलंच नव्हतं. हात आपोआप बामच्या बाटलीकडे जायचा.

एप्रिलमध्ये त्याची नोकरी संपत होती. अ‍ॅल्युमिनियमच्या खिडक्या बनवणाऱ्या वर्कशॉपात तो स्टोअरकीपर होता. मालकानं निरोपाचं घड्याळ आत्ताच देऊन टाकलं होतं, म्हणजे जायचंय याचा गड्याला विसर पडायला नको. मग खलास. मग गाव, नारळीची झाडं, घराची डागडुजी आणि थोरली बहीण महमुदा आपा. त्याच्या आधी पाच दिवस तुर्कस्तान. हा हट्ट बिल्किसचा होता. आयुष्यात तिनं केलेला हा पहिलाच हट्ट, आणि बहुतेक शेवटचाही.

मुलगा नावेद मुंब्र्याला असतो. त्यानं मोबाइलवर शोधून शोधून सगळ्यांत स्वस्त तिकिटं काढली होती. मधल्या विमानतळावर रात्रभर बाकड्यावर बसायचं, बॅग फक्त हातातली. इस्तंबूलच्या राजवाड्यांना भरमसाट तिकीट असतं असं कळल्यावर नजीबचा चेहरा पडला होता. तेव्हा बिल्किसनंच तोडगा काढला. राजवाडे नंतरच्या सुलतानांचे. पहिले उस्मानी सुलतान तर समुद्रापलीकडे बुर्साला. तिथं बोटीनं जायचं, पुढं बसनं. पहिला उस्मान तिथं पुरलेला आहे, त्याचा मुलगा ओरहान शेजारीच आहे, वीस घुमटांची मोठी मशीद आहे, डोंगराच्या पायथ्याशी त्या काळातलं एक दगडी गल्ल्यांचं खेडं आहे.

“मशिदीला तिकीट नसतं,” ती म्हणाली होती. “कबरीला तिकीट नसतं. खेड्यात फिरायला कोण पैसे मागतंय?”

नजीबला हा हिशेब एकदम पटला.

पण बिल्किसला बुर्सा हवं होतं ते काही सुलतानांसाठी नव्हे. त्या वीस घुमटांच्या मशिदीत, अगदी आत, मधोमध पाण्याचा हौद आहे. कारंज्याचं पाणी संथ पडत असतं आणि पुरुष-बायका जवळपास टेकून बसलेली असतात. हे तिनं मोबाइलवर पाहिलं होतं. त्यांच्या गावच्या मशिदीत तिनं कधी पाऊल टाकलं नव्हतं. बायकांनी जायची तिकडं रीतच नव्हती. तिला त्या पाण्याजवळ नजीबच्या शेजारी बसायचं होतं. कोणी हाक मारणार नाही, कोणी पाणी मागणार नाही, कोणी ओळखणार नाही अशा ठिकाणी. बस, एवढंच.

तुम्ही म्हणाल, यासाठी तुर्कस्तान कशाला? तर त्याचं असं आहे. लग्नानंतर दोघं महाबळेश्वरला निघाली होती. दोघंच. सकाळी जीप दाराशी आली तेव्हा तिच्यात आधीच आत्या, चुलते, त्यांची पोरं, आणि बिर्याणीचं पातेलं बसलेलं होतं. नजीब एका कडेला, बिल्किस दुसऱ्या कडेला आणि मधे महमुदा आपा. पॉइंटवर काढलेल्या फोटोतसुद्धा तसंच. आपा तरुणपणी विधवा होऊन माहेरी आलेली, नजीबला आईवेगळं तिनंच वाढवलेलं. तिला “तू नको येऊस” असं सांगणार कोण? पुढं दर दोन वर्षांनी तो रजेवर यायचा ती रजा लग्नांत, मयतांत आणि गाठीभेटींत संपायची. नजीबला अशी सवय लागली, की तो बिल्किसशेजारी बसला तरी मधे एका माणसाची जागा सोडून बसायचा.

दीड वर्षापूर्वी ती फॅमिली व्हिसावर बहरीनला आली तेव्हा वाटलं, आता तरी. पण उम्म अल हस्सम वस्तीतला हा फ्लॅट निम्मा एका केरळी कुटुंबाचा, स्वयंपाकघर सामाईक, आणि दर शुक्रवारी नमाजनंतर गावची सगळी एकटी पोरं जेवायला हजर. “चाची आलीय” म्हटल्यावर ती पोरं तरी दुसरीकडं कुठं जाणार?

म्हणून बुर्साची गोष्ट गावाला सांगायची नाही, असं तिनं नजीबकडून आणि नावेदकडून वदवून घेतलं होतं. लोकांच्या बोलण्याची तिला फिकीर नव्हती. मक्केला उमरा करायची सोडून तुर्कस्तान कशाला, असं चार जण म्हणतील आणि गप्प बसतील. भीती आपाची होती. या उस्मानी सुलतानांवरची तुर्की मालिका आपानं गावात सगळ्यांच्या आधी, चुलीपुढं मोबाइल टेकवून पाहिली होती. उस्मान, ओरहान, त्यांच्या बायका, घोडे, सगळं तिला पाठ. तिनं नुसतं “मना पण बघायचं होतं” असं म्हटलं असतं, तर नजीबला नाही म्हणता आलं नसतं. आणि खरं सांगायचं तर बिल्किसलाही नसतं आलं. आपा काही वाईट नव्हती. वाईट असती तर सोपं गेलं असतं.

“डबा काढते,” बिल्किस म्हणाली. “बरणी काढते. बाम एक ठेवते, तुमच्या कंबरेसाठी.”

“दोन ठेव.”

तेवढ्यात फोन वाजला. जवळच्या झिंज वस्तीतला राहील होता, गावचाच पोरगा, काल रात्री रजेवरून परतलेला.

“चाची, आपानं पार्सल दिलंय. येतो घेऊन. तुमच्याच हातात द्यायचं म्हणून सांगितलान. चाचाच्या नको.”

गावाहून येणारं पार्सल म्हणजे सुकट, कुळथाचं पीठ, कोकम. ते येणार म्हणजे आपाला फोन करायला हवा, फोन केला की पुढच्या आठवड्यात कुठं, काय, हे प्रश्न येणार, आणि बिल्किसला खोटं बोलता येत नाही. आजवर दोनदा बोलली होती आणि दोन्ही वेळा पकडली गेली होती.

राहील आला, सरबत प्यायला, जेवायला थांबत नाही म्हणाला आणि तरी जेवून गेला. त्याला पोचवायला नजीब खाली उतरला.

बिल्किसनं पार्सल पलंगावर घेतलं. जुन्या चादरीत शिवलेलं होतं. वर मार्करनं वाकड्यातिकड्या अक्षरात फक्त ‘बिल्किस’ लिहिलेलं. तिच्या एकटीच्या नावानं त्या घरातून कधी काही आलं नव्हतं. तिनं नाकाजवळ नेऊन बघितलं. सुकटीचा वास नव्हता. डांबरगोळ्यांचा होता.

टाके उसवले. आधी नजीबसाठी विणलेला स्वेटर निघाला. मग लोकरीच्या मोज्यांचे दोन जोड. आणि तळाला, घडी न मोडलेली, डाळिंबी रंगाची शाल.

बिल्किस तिथंच बसली.

ही शाल तिला ओळखायला वेळ लागला नाही. नजीबच्या लग्नानंतरच्या पहिल्या रजेतल्या कार्टनातून ती निघाली होती. घरची रीत अशी, की कार्टन माजघरात सगळ्यांदेखत उघडायचं आणि थोरल्या बाईनं एकेक वस्तू काढून वाटायची. आपानं शाल काढली, झटकली, स्वतःच्या खांद्यावर टाकली. “भावानं आणलान मना,” ती म्हणाली आणि सगळ्या बायकांनी कौतुकानं माना डोलावल्या. बिल्किसच्या वाट्याला साबणाच्या वड्या आणि ड्रेसचं कापड आलं होतं. शाल कोणासाठी होती हे नजीबनं कधी सांगितलं नाही, आणि तिनं कधी विचारलं नाही. विचारून मिळणार काय होतं?

तिनं फोन लावला. पलीकडून लगेच आवाज आला, जणू आपा फोन हातात घेऊनच बसली होती.

“मिळालं?”

“मिळालं आपा. पण हे...”

“तिकडं बर्फ असतो. मी बघितलाय ना. घोड्यांच्या तोंडातून वाफा निघतात. तुमी दोघं बहरीनची माणसं, गारठून मराल.”

“तुमाना कोणी सांगितलान?”

“नावेदनं. त्याच्या पोटात कवा काय राहिलंय? लहानपणी फणस चोरलान तरी स्वतःच येऊन सांगायचा.”

“आपा, मी सांगणार होते...”

“नव्हतीस सांगणार.” आपा हसली. हसता हसता तिला खोकला आला. तो थांबेपर्यंत बिल्किस फोन कानाशी घट्ट धरून बसली. आणि मग, इतके दिवस जे तोंडातून निघू नये म्हणून ती धडपडत होती, तेच निघालं.

“आपा, तुमी पण चला. नावेदला सांगते तिकीट बघायला. तुमाना तर सगळं माहीत हाय तिथलं.”

तिला ते मनापासून वाटलं होतं. आणि त्याच क्षणी ते पाण्याजवळचं बसणं हातातून निसटताना दिसलं, म्हणून डोळेही भरून आले. दोन्ही खरं होतं.

“नको गो,” आपा म्हणाली. “महाबळेश्वरला मी मधे बसलेलं, तेवढं पुरे हाय.”

स्वयंपाकघरात शेजारणीच्या कुकरची शिट्टी झाली.

“ती शाल मी एकदाही वापरली नाय,” आपा म्हणाली. “कार्टनातून काढली तवा नजीबचं तोंड बघितलं मी. पण माजघर भरलेलं, खांद्यावर टाकून बसलेलं. मग काढून कशी देणार? आता घे.”

“आपा...”

“आणि ऐक. तिकडं पोचलीस की फोन नको करूस.”

“असं कसं? पोचल्यावर फोन तर...”

“नको म्हटलं ना. तू फोन केलास की मी शंभर गोष्टी विचारीन. मग नजीबला दे म्हणीन. मग शेजारच्या येतील. तुमचे पाच दिवस माझ्यातच जायचे. परत आल्यावर सांग सगळं. मी कुठं जातेय? आणि तुमी पण शेवटी इथंच यायचे.” ती जरा थांबली. “फक्त उस्मानच्या कबरीवर फातेहा पढशील तवा माझा सलाम सांग. तेवढा मावेल तुझ्या बॅगेत.”

फोन आपानंच ठेवून दिला. एरवी ती कधीच आधी फोन ठेवत नसे.

नजीब वर आला तेव्हा बिल्किस शाल पांघरून पलंगाच्या एका टोकाला बसली होती. बाहेर फेब्रुवारी असला तरी खोलीत उकडत होतं. तो दारातच थबकला. त्यानं शाल बघितली, उसवलेली चादर बघितली आणि चपला काढायचं विसरून तसाच उभा राहिला.

“ही कोणासाठी आणलेली तुमी?” तिनं विचारलं.

एवढ्या वर्षांत हा प्रश्न येईल याची त्यानं आशा सोडून दिलेली असावी.

“तुझ्यासाठी,” तो म्हणाला. मग खाली बघत, “नाव लिहायला पायजे होतं.”

तो आत आला, पंखा मोठा केला आणि पलंगाच्या दुसऱ्या टोकाला बसला. मधे ती उघडी बॅग होती. हात रिकामे राहवेनात म्हणून त्यानं स्वेटर उचलून आत कोंबायला सुरुवात केली.

“पुन्हा दहा किलो होणार,” तो पुटपुटला. “स्वेटर आणि शाल अंगावरच घालू. अंगावरचं वजनात धरत नाय. आणि तिकडचं एक सिमकार्ड घ्यायला हवं. पोचलो की आपाला फोन...”

“फोन नाय करायचा. आपानं सांगितलान.”

“का?”

बिल्किसनं बॅगेची चेन लावली, दोन्ही हातांनी बॅग उचलली आणि खाली फरशीवर ठेवली. पलंगावर एका माणसापुरती जागा मोकळी झाली. नजीब त्या जागेकडं बघत राहिला.

तिनं शालीचं एक टोक उचलून धरलं.

“इकडं सरका,” ती म्हणाली.